शेतीचा हिशोब आपल्या तोंडून

 

आपल्या सुप्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. १२ मे १८७५ला बाजाराच्या दिवशी इथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या खातेवह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. राग त्या कागदांवर होता. कापसाचे भाव पडलेले, सारा वाढलेला, आणि कर्ज किती फिटलं ते फक्त सावकाराच्या वहीत. बहुतेकांना ती वाचताच येत नव्हती. हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं आयोग नेमला, १८७९ला कायदा झाला. पुढं १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि त्यातला मजकूर पुण्या-मुंबईत, जुन्नर-हडपसरला लोकांपुढं वाचून दाखवला.

आज लिहिणं-वाचणं आपल्या हातात आहे. गटाची वही आपण रुपया-रुपयानं लिहितो. मग शेताची का नको?

शहरातल्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस दिसतो. आपली ही जिरायत पट्टी, बाजरी-ज्वारी आणि जनाई-शिरसाईच्या आवर्तनाची वाट बघणं त्याला माहीत नसतं. कांदा चाळीस रुपये किलो दिसला की त्याला वाटतं, शेतकऱ्याची चैन आहे. त्याचा तरी काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून कांद्याची वही अशी लिहूया. बी, रोप, लागण, खुरपणी, खत, फवारणी, पाण्याचं वीजबिल. माना पडल्यावर काढणी, पात कापणं, निवड, चाळीत भरणं. चाळीत सडला, मोड आला, वजन घटलं, तेही लिहायचं. मग बारदान, भाडं, हमाली, तोलाई. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्या बाईचे दिवस. दुसरीच्या रानात गेलो तर रोज मिळतो, आपल्या रानातला दिवस फुकट कसा? गावच्या मजुरीच्या दरानं तोही मांडायचा. पुरुषमाणसं हसतील, हसू देत. बेरीज झाली की गप्प होतील.

बाजाराची पट्टी फेकू नका, वहीत चिकटवा. पुण्याचा भाचा, मुंबईची नणंद सुट्टीला आली की वही पुढं ठेवा. स्टॉलवर गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर भांडू नका, हिशोब वाचून दाखवा. औषध मारता का, असं विचारलं तर काय मारलं, कधी मारलं, काढणीआधी किती दिवस थांबलो, खरं सांगा. लपवलं की विश्वास गेला. ज्या वर्षी चार पैसे राहिले, त्या वर्षीचाही हिशोब दाखवा. रडगाणं एकदाच ऐकतात, हिशोब लक्षात राहतो.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एका पिकाची वही आणायची. लिहिता येत नसेल तिनं सांगायचं, शेजारणीनं लिहायचं.