पोरांच्या हाती वही द्या
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आधीचे वक्ते बोलले, मी पुन्हा बोलत नाही. मला बोलायचे आहे ते इथे न बसलेल्यांबद्दल. मंडपात जरा नजर फिरवा. तिशीच्या आतली डोकी बोटांवर मोजता येतील. पोरे बाहेर मोटरसायकलींवर बसली आहेत. आपण त्यांना आणले ते गाडी चालवायला आणि सतरंज्या उचलायला.

पोरे निकामी आहेत असे मला वाटत नाही. गणपतीची वर्गणी तीच गोळा करतात, शंकरपट तीच भरवतात, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात तीच नेतात. पण निवडणूक आली की कुणी तरी मंडळाला बनियन आणि भोंगा देतो, आणि मंडळ त्याचे होते. कारण आपण त्या मंडळाला स्वतःचे असे कामच दिले नाही.

सेवेतून माणूस उभा राहतो ही गोष्ट वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने गावोगाव पोरांना ग्रामसफाईला लावले. पुढे सरकारनेही १९६९ साली महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आणली, दोन वर्षांत २४० तास सेवा. काही ठिकाणी चांगले काम झाले. काही ठिकाणी तास वहीतच भरले, हे तुम्हालाही माहीत आहे.

मला एक दुसरे उदाहरण सांगायचे आहे, ते कापूसवाल्यांचेच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसावर बोंडे पोखरणारा भुंगा आला. १८९२ च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासात शिरला आणि पुढे राज्यामागून राज्य खात गेला. बापमंडळी नवे काही ऐकायला तयार नव्हती. तेव्हा १९०७ साली मिसिसिपीतल्या होम्स परगण्यात शाळांच्या एका अधिकाऱ्याने पोरांचे मका मंडळ काढले. अशी मंडळे मग सगळ्या दक्षिणेत पसरली. रीत साधी होती: पोराने एक एकर स्वतः कसायचा, आणि बियाणे, खत, मजुरी, उत्पन्न सगळे वहीत लिहायचे. १९१० साली दक्षिण कॅरोलिनातल्या जेरी मूर नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने एका एकरात २२८ बुशेलवर मका काढला, म्हणजे आपल्या मापाने ५८ क्विंटल. शेजारच्या कास्तकारांना मान वळवून बघावेच लागले. त्याच मंडळांतून पुढे तिथली 'फोर-एच' चळवळ वाढली. पण काळ्या शेतकऱ्यांच्या पोरांना तिथे अनेक वर्षे वेगळ्या मंडळांत ठेवले, हेही सांगितले पाहिजे. आपल्या मंडळात खालच्या वस्तीतली किती पोरे आहेत, ते ज्याने-त्याने मनात मोजावे.

आता आपल्याकडे या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारा कधी मारायचा आणि कोणता, हे गावात आजही बहुतेक ठिकाणी दुकानदार ठरवतो. मी कृषी पदवीधर आहे, पण शंभर गावांच्या वावरात मी रोज जाऊ शकत नाही. गावातली पोरे जाऊ शकतात.

म्हणून माझे म्हणणे असे. प्रत्येक गावात दहा-बारा पोरापोरींचे मंडळ करा. पोरी हव्यातच, कापूस वेचायला त्या पुढे आणि वही धरायला मागे, हे चालणार नाही. लागवडीनंतर दीड महिन्याने हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा, आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार. फुले लागली की डोमकळ्या मोजून तोडा. फवारणाऱ्या मजुराच्या तोंडाला फडके, हातात मोजे, अंगात पूर्ण कपडे आहेत का, हेही मंडळाने पाहायचे. नसतील तर पंप मालकाचा असला तरी थांबवायचा.

विसाव्या वर्षी पोरगी फळ्यापाशी उभी राहून सांगेल, "काका, आज आकडा तीन आहे, फवारू नका." काका आधी हसतील. दुकानदार चिडेल. तिने तरी वही उघडून दाखवायची. पुढारी होण्याचे शिक्षण ते हेच. भाषणाचे शिबिर घेऊन ते येत नाही. मी अशी पुष्कळ शिबिरे पाहिली आहेत, जेवण उत्तम असते.

वर्गणीचा हिशेबही त्याच वहीत लिहायचा आणि महिन्याला गावापुढे वाचायचा. दरवर्षी अध्यक्ष बदलायचा. सरपंचाचा मुलगा पहिल्या वर्षी अध्यक्ष नको.

सापळ्यांचा खर्च ज्याच्या वावरात लागतील त्याने करायचा. पोळ्याच्या अमावस्येनंतर तालुक्याची बैठक घेऊ. तिथे वह्या घेऊन पोरांनी यायचे, आणि खुर्च्यांवर त्यांनी बसायचे. सतरंज्या या वेळी आपण उचलू.