पुण्यातला फ्लॅट आणि भोकरचं रान

भोकरहून पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराला दिवाळीत घरी आल्यावर एकच प्रश्न असतो, "फ्लॅट घेतलास का?" सोयरीक जुळवतानाही आधी तेच विचारतात. (पुण्यातली नांदेड सिटी आपल्या नांदेडची नाही बरं का, सिंहगड रोडकडच्या नांदेड गावाची.)

आता हिशोब धरा. तयार फ्लॅट, 50 लाखांचा. बँक 80 टक्के देईल, म्हणजे 40 लाख. 10 लाख आपले. वर पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख, आणि नोंदणीचे 30 हजार. हे बँक कर्जात धरत नाही. झाले रोख 13 लाख 80 हजार! एवढे पगारातून कुठून साठायचे? मग नजर जाते बापाच्या दोन एकरांवर.

त्यानंतर हप्ता. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं, महिन्याला 34,700 च्या आसपास. एकूण फेड 83 लाखांच्या वर.

मला विचाराल तर रान विकून फ्लॅट नकोच. आज 15 हजार भाडं देत असाल, तर हप्त्यातला फरक, जवळपास 20 हजार, वर्षभर बाजूला टाकून बघा. जमलं तर हप्ताही झेपेल, वर 2 लाख 40 हजार हाताशी. नाही जमलं, तर रान तरी शाबूत आहे.

घेणारच असाल तर फक्त आईच्या किंवा बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, 50 हजार वाचतात. आणि रेरा कायद्याने नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आजच भरा, उद्या भाव वाढणार" म्हणणाऱ्याला हे ऐकवा.