संगमावरचीं गांवें

महाराष्ट्रांत अलीकडे ऐतिहासिक स्थळांच्या सहली वाढत्या प्रमाणावर निघत आहेत. एका मोठ्या गाडींत चाळीस-पन्नास माणसें, पुढच्या आसनापाशीं ध्वनिक्षेपक हातीं धरून उभा असलेला मार्गदर्शक, आणि दोन-तीन दिवसांत सात-आठ स्थळें, असा त्यांचा बेत असतो. 2025 सालीं संभाजी महाराजांच्या जीवनावरील ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील संगमेश्वराचें नांव पुन्हां घरोघर झालें. त्याच वर्षींच्या राज्याच्या अर्थसंकल्पांत तेथें महाराजांचें स्मारक उभारण्याची घोषणाहि झाली.

अशा सहलीची गाडी मुंबई-गोवा महामार्गानें येते, शास्त्री नदीवरचा पूल ओलांडते आणि जवळच्या कसब्यांत थांबते. मंडळी खालीं उतरतात, महाराजांच्या पुतळ्यास वंदन करतात, कर्णेश्वराचें देऊळ पाहतात, छायाचित्रें घेतात, चहा घेतात आणि पुढच्या मुक्कामाच्या काळजीनें पुन्हां गाडींत बसतात. श्रद्धेंत कांहीं कमी नसतें. तरी या तासाभरांत नदीकडे बहुतेकांची पाठच राहते. आणि नदी वगळली, तर संगमेश्वराचा इतिहास पायाशिवायच्या भिंतीसारखा होतो.

हें नांवच मुळीं पाण्यानें दिलेलें आहे. शास्त्री नदी सह्याद्रींत प्रचितगडाच्या परिसरांत उगम पावते आणि जयगडापाशीं समुद्रास मिळते. बाजारपेठेच्या गांवाजवळ सोनवी नदी तिला येऊन मिळते. कसब्यांत अलकनंदा व वरुणा यांचा संगम दाखवितात. भरतीचें पाणी जयगडच्या खाडींतून आंत शिरतें. पूर्वीं त्या पाण्याच्या आधारानें गलबतें येथवर येत, आणि घाटावरून उतरलेले बैलांचे तांडे याच कांठीं त्यांना भेटत. नारळ, मीठ, सुकी मासळी वर जावयाची आणि देशावरचा माल खालीं यावयाचा, तर त्याला अशी एक जागा लागतेच, कीं जेथें बैलाची वाट संपते आणि होडीची सुरू होते. संगमेश्वर ही ती जागा होती.

येथलीं देवळें ही त्या व्यापाराची आणि त्यानें आणलेल्या संपत्तीची साक्ष होय. कर्णेश्वराचें शिवालय काळ्या पाषाणाचें आहे. त्याचे कोरीव खांब आणि नक्षीदार छत पाहतांना मान अवघडते, पण डोळा निघत नाहीं. आवारांत सूर्यनारायणाचें लहानसें देऊळहि आहे. करवीराहून आलेल्या कर्ण नांवाच्या चालुक्य राजानें हें नगर वसविलें, असें परंपरा सांगते. तें पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, असें लोककथा म्हणते. चांगला मार्गदर्शक या दोन्ही कथा सांगतो, परंतु त्या कथा आहेत हेंहि सांगतो. एवढा दगड घडविणारे हात पोसण्याइतकें धन या कांठीं होतें, ही गोष्ट मात्र कथेची नव्हे. ती समोर उभी आहे.

जेथें धन असतें तेथें तरवारहि येते. 1661 सालीं शिवाजी महाराजांचें सैन्य येथें असतां शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यानें त्यावर रात्रीं छापा घातला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत त्या रात्रीची हकीकत आहे. पिलाजी नीळकंठराव भयानें पळूं लागला; तेव्हां तानाजी मालुसऱ्यानें त्याला धरून दगडाशीं बांधलें आणि आपण लढत राहिला. सिंहगडच्या तानाजीची ही नऊ वर्षें आधींची ओळख सहलींतल्या मुलांना सांगितली, तर तीं ती सहसा विसरत नाहींत.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, 1 फेब्रुवारी 1689 रोजीं, याच गांवांत संभाजी महाराज आणि कवि कलश मोंगलांच्या हातीं सांपडले. मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूनें निवडक स्वारांनिशीं घाट उतरून आला. सेनापति म्हाळोजी घोरपडे त्या झटापटींत पडले. फितुरी कोणाची, या प्रश्नावर गाडींत नेहमीं मोठा वाद होतो आणि एखाद्या घराण्याचें नांव सहज घेतलें जातें. समकालीन लेखकांचीं विधानें या बाबतींत एकमेकांशीं जुळत नाहींत. पुरावा जेथें थांबतो, तेथें मार्गदर्शकानेंहि थांबावें. नाहीं तर आजच्या माणसांच्या माथीं तीनशें वर्षांपूर्वींचा कलंक फुकट बसतो. त्यापेक्षां त्यानें मंडळींना कांठावर उभें करावें आणि भोंवतालची भूमि दाखवावी. मागें सह्याद्रीची भिंत, चहूंकडे रान आणि डोंगर, मध्यें नद्यांनीं कापलेली अरुंद सपाटी. जी जागा व्यापाऱ्याला आडोसा देते, तीच घाटाची वाट शत्रूच्या हातीं गेल्यावर पिंजरा होते. हें ग्रंथांत वाचून जितकें कळतें, त्याहून अधिक तेथें पांच मिनिटें उभें राहून कळतें.

मग हें भरभराटलेलें बंदर गेलें कोठें? त्याला कोणी जाळलें, लुटलें असें नव्हे. तें गाळानें बुजलें. या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. डोंगरउतारावरचें रान तुटलें, तेथें नांगर फिरला, म्हणजे माती मोकळी होते आणि पहिल्या सरींबरोबर खालीं निघते. वरून येणारा लोंढा आणि खालून येणारी भरती जेथें एकमेकांस अडवितात, तेथें पाण्याचा वेग मंदावतो आणि माती तळाशीं बसते. एकोणिसाव्या शतकांतच शास्त्री नदी इतकी उथळ झाली, कीं मोठीं गलबतें खालींच अडूं लागलीं. पुढें सडका आल्या. 1998 सालीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली आणि ‘संगमेश्वर रोड’ हें स्थानक झालें. तालुक्याला नांव अजून संगमेश्वराचेंच आहे, पण कचेरी देवरुखास आहे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. 2021 च्या जुलै महिन्यांत वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें आणि त्यानंतर त्या नदींतला गाळ काढण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. संगमेश्वरीं जें संथपणें घडलें, त्याचेंच उग्र रूप चिपळूणकरांनीं दोन दिवसांत पाहिलें. स्मारकें उभारतांना नदीचें पात्र आणि वरचें रान सांभाळलें नाहीं, तर स्मारकापाशीं उभें राहून दाखवावयास संगमच उरणार नाहीं.

म्हणून अशा सहलीचा क्रम थोडा बदलावा. आधीं जयगडास भरतीची वेळ पाहावी, मग खाडीच्या कांठानें वर यावें, आणि संगमेश्वरीं देवळापूर्वीं घाटावर जावें. तेथून पुढें ज्यांना दोन दिवस अधिक आहेत, त्यांनीं बंदिवान महाराजांचा मार्ग धरावा. सह्याद्रीचा पाणलोट ओलांडला, कीं पाण्याची दिशा बदलते. शास्त्री लहानशी धांव घेऊन पश्चिमेस सागरांत जाते. भीमा मात्र पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते. याच भीमेच्या कांठीं, श्रीगोंदें तालुक्यांत, पेडगांवचा बहादूरगड आहे. तेथें औरंगजेबाच्या छावणींत महाराजांची विटंबना झाली. त्याच नदीवर पुण्याजवळ तुळापूर आहे. तेथें इंद्रायणी भीमेला मिळते, आणि तेथेंच 11 मार्च 1689 रोजीं त्यांचा वध झाला.

एका संगमावर धरलेला राजा अडतीस दिवसांनीं दुसऱ्या संगमावर मारला गेला. तुळापूरच्या घाटावर संध्याकाळीं सहलीची मंडळी सहसा आपोआप शांत होतात. मार्गदर्शकाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागत नाहीं. तशीच दोन घटकांची शांतता संगमेश्वराच्या कांठींहि मिळाली पाहिजे. गाडी थोडी उशिरा सुटेल, एखादें स्थळ यादींतून गळेल. परंतु परत गेल्यावर घरच्या मुलांनीं ‘काय पाहिलें?’ असें विचारलें, तर सांगण्यासारखी एक नदी बरोबर आलेली असेल.