कालव्याकाठचा एकट्याचा सायकलप्रवास

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे आगगाडीच्या वाटेवरचे गाव. तेथील एखाद्या शाळामास्तरांनी असे मनात आणले की, पैठणला जावे आणि तेथून निघणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या काठाकाठाने, एकट्यानेच, सायकलवरून घराकडे परत यावे, तर शेजारीपाजारी त्यांस विक्षिप्त ठरवतील. परंतु बेत दिसतो तितका वेडगळ नाही. फ्रान्समध्ये १६८१ साली खुला झालेला मिदी कालवा सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत गेलेला एक जुना कालवा सुमारे २९७ किलोमीटरांचा आहे. दोहोंच्या काठाने लोक आज हौसेने सायकली पिटाळतात. त्या वाटा मुळात नावा ओढणाऱ्या घोड्याखेचरांसाठी बांधल्या गेल्या. आणि जी वाट जनावराला दिवसभर सोसते, ती माणसालाही सोसते.

मराठवाड्यातील कालव्याची जात निराळी. त्यातून नाव जात नाही. पाणी जाते, आणि तेही शेताला. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली, आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटरांचा असून तो जालना जिल्ह्यातून परभणी जिल्ह्यात उतरतो. त्याच्या काठचा रस्ता प्रवाशासाठी केलेलाच नाही. पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्याची जीप आणि पाटकऱ्याची फटफटी फिरावी, एवढ्यापुरता तो आहे. म्हणून मास्तरांनी पहिली गोष्ट करावी ती ही, की संबंधित कचेरीत जाऊन रीतसर विचारून घ्यावे. परवानगीपेक्षाही तेथे मिळणारी माहिती मोलाची. कालवा नाल्यावरून जलसेतूने सरळ पलीकडे जातो, पण काठचा रस्ता तेथे पुष्कळदा थबकतो. मग सायकल खांद्यावर घेऊन नाल्यात उतरणे, नाही तर गावावरून वळसा घालणे, हे दोनच मार्ग उरतात. नकाशावरचे २०८ किलोमीटर चाकाखाली बरेच वाढतात ते असे. दिवसाला ४० किलोमीटरांहून अधिकाचा हिशेब धरणारा मनुष्य तिसऱ्याच दिवशी चिडचिडा होईल.

कालवा उताराने वाहतो, तेव्हा मुखाकडून शेपटाकडे निघाले की सायकल आपोआप धावेल, अशी एक गोड समजूत असते. मोठ्या कालव्याला किलोमीटरामागे वीतभर उतार असला तरी पुष्कळ झाला. पाण्याला तो कळतो, चाकाला कळत नाही. चाकाला कळतो वारा. आणि थंडीच्या दिवसांत या बाजूला वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे पैठणहून येणाऱ्याच्या तोंडावर असतो. त्या हिशेबाने परभणीकडून निघणेच शहाणपणाचे. तरीही पैठणहून निघावे. प्रत्येक मुक्काम घराच्या जवळ आणतो, हे एक. दुसरे कारण अधिक मोठे आहे, ते पुढे येईल.

प्रश्न खरा अडतो तो ऋतूपाशी. पाण्यालाही पंचांग असते, हे उमरीकरांस सांगावयास नको. शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. कालव्याच्या पाणीपाळ्या अशा ठरल्या तारखांनी चालत नाहीत. पावसाळ्याअखेर धरणात साठा किती, हे पाहून कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. मास्तरांना सुट्टी मिळते दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीच्या सुमारास परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. आणि ओल्या काळ्या मातीत सायकल घालणे म्हणजे चिखलाचा गोळा ओढणे. चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत माती अशी बसते की काडीने उकरून काढावी, दहा पावले जावे, पुन्हा उकरावी. मे महिन्यातील उन्हाविषयी बोलण्याचे कारण नाही. उरतात डिसेंबर आणि जानेवारी. शेतात ज्वारी-हरभरा उभा असतो, वाट कोरडी असते. ऊसतोडीच्या गाड्यांची वर्दळ मात्र संभाळावी लागते. तात्पर्य, शाळेतून आठ दिवसांची रजा मिळवणे हाच या प्रवासातील सर्वांत कठीण चढ होय.

सामान थोडके असावे. दोन जादा ट्यूब, ठिगळे, सोल्यूशन आणि हवेचा पंप यांवाचून निघूच नये, कारण काठावरच्या बाभळीला नव्या-जुन्या टायरचा विधिनिषेध नसतो. पिण्याचे पाणी गावातून भरून घ्यावे. कालवा उशाशी वाहत असला तरी त्याचे पाणी पिण्यासाठी नव्हे. आणि एकट्याने त्यात उतरू तर मुळीच नये. बांधीव काठ शेवाळाने निसरडा झालेला असतो, ओढ वरून दिसत नाही, आणि पोहणाऱ्यालाही पुन्हा वर चढण्यास हाताला काही लागत नाही. तिघेचौघे असते तर धोतर फेकून ओढून घेतले असते. एकट्याला कोण ओढणार?

एकटेपणाचा हा धोका लहान नाही. १९२४ साली मुंबईहून जगप्रवासास एकटे निघालेले फ्रामरोज दावर यांनीही पुढे व्हिएन्नाला सोबती जोडला. मग मास्तरांनी सोबती का घेऊ नये? घ्यावा, हेच सावध उत्तर. पण सोबत्याशी बोलत जाणाऱ्याला पाटकरी थांबवून काही सांगत नाही, एकट्याला सांगतो. आणि पैठणहूनच निघण्याचे मोठे कारणही येथेच आहे. काठच्या दगडांवर मुखापासूनचे किलोमीटर लिहिलेले असतात. वरच्या अंगाला ऊस उभा आणि खालच्या अंगाला हरभऱ्याने माना टाकलेल्या, हा भेद जो पाण्याबरोबर खाली येतो त्यालाच दगडादगडाने दिसेल. कोणत्या दगडापाशी पाणी छातीभर होते, कोठे गुडघाभर उरले, आणि शेपटाकडच्या शेवटच्या चारीत या पाळीला ते पोचले की नाही, एवढे रोज वहीत टिपले तरी रजा सार्थकी लागेल.

मुक्कामाची चिंता फारशी नाही. पैठणला नाथांची समाधी आहे. मात्र नाथषष्ठीच्या गर्दीचा हंगाम टाळावा. घनसावंगी तालुक्यात रामदासांचे जन्मगाव जांब आहे, पुढे पाथरी आहे. देवळाच्या ओवरीत पाठ टेकावयास कोणी नाही म्हणत नाही. अंधार पडण्यापूर्वी गाव गाठले म्हणजे झाले.

संकटातून सुटण्याची वाटही निसर्गाने नव्हे, निजामाच्या काळातील आगगाडीने करून ठेवली आहे. मनमाडहून सिकंदराबादेकडे गेलेला लोहमार्ग या कालव्याच्या उत्तरेने जातो. सायकल मोडली, ताप आला, की काठ सोडून उत्तरेचा रस्ता धरावा. कोठले ना कोठले स्टेशन गाठता येते, आणि तीच गाडी पुढे उमरीला येते. जातानाही सायकल सामानाच्या डब्यात नोंदवून छत्रपती संभाजीनगरला उतरावे. तेथून पैठण सुमारे ५० किलोमीटर.

म्हणून निघण्यापूर्वी मास्तरांनी एका पोस्टकार्डावर परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी ही नावे ओळीने लिहावी, प्रत्येकापुढे तेथवर पोचण्याचा अंदाजी वार घालावा, आणि ते घरी देव्हाऱ्याजवळ ठेवून मग स्टेशनाकडे सायकल वळवावी.