दाबाखालचा दगड



11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तो धक्का मुंबईतही जाणवला. आपल्या लालबाग-परळात पाटण-कराडकडची घरे पुष्कळ. त्यामुळे ती बातमी गिरणगावाला परमुलखाची नव्हती. त्या पहाटे जमिनीच्या पोटात झाले तरी काय?

हे समजावे म्हणून शास्त्रज्ञ दगडाची लहानशी कांडी पोलादी भांड्यात ठेवतात, चहूबाजूंनी दाबतात, तापवितात आणि वरून भार वाढवीत नेतात. 1966 साली ब्रेस व बायर्ली यांनी अशा प्रयोगांवरून दाखविले की, दाबाखाली भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून संथपणे सरकतातच असे नाही; त्या अडून बसतात आणि मग एकदम निसटतात. भूकंपही असाच घडत असावा, असे त्यांनी सुचविले. चाळीतल्या खोलीत भरलेली ट्रंक ओढून पाहा. ती हटता हटत नाही, आणि मग धाडकन पुढे येते. आता कोणी ती खालून किंचित उचलून धरली, तर? थोड्या ओढीनेही सरकेल. भेगेत शिरलेले दाबाचे पाणी हेच करते. कोयनेच्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी लावतात, तो म्हणूनच.

कोयनेचे धक्के बहुधा दहा किलोमीटरांच्या आतले. पण 22 मे 1997 रोजी जबलपुरास झालेला भूकंप सुमारे 35 किलोमीटर खोलीवरचा होता! तेवढ्या उष्णतेत दगड वाकावा, तुटू नये. चिक्की गरम असताना वाकते, निवाली की तुटते, तसेच हे. मग इतक्या खोल दगड तुटतो कसा? प्रयोग सांगतात की, अगदी कोरडा दगड त्या उष्णतेतही कणखर राहतो; आणि त्यातील खनिजे पालटून अधिक घट्ट रूप घेऊ लागली, तर तेवढ्या दाबाखालीही तो तडकू शकतो.

मात्र आपली कांडी बोटभर, आणि प्रयोग थोड्या काळाचा. पृथ्वी शतकानुशतके दाबीत असते. दगड का सुटतो हे उमगू लागले आहे. तो कोणत्या दिवशी सुटेल, हे सांगता येत नाही. कोणी तारीख सांगू लागला, तर विश्वास ठेवू नका.

आपल्या हाती आहे ते घर. 1993 साली किल्लारीस माणसे दगडली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. गावी घर बांधाल, तेव्हा कोपरे नीट बांधून घ्या, चारी भिंतींवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा. दगड आपला वेळ सांगणार नाही. आपण तयार असावे.