रोगजंतूंचा अभ्यासक कसा घडतो?



त्र्यंबकेश्वरी येऊन रोगजंतूंवर बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. पण दर बारा वर्षांनी सिंहस्थाला येथे लक्षावधी माणसे लोटतात आणि एकाच कुशावर्तात स्नान करतात. यात्रा आणि पटकी यांचे नाते आपल्या पणजोबांना पुरेपूर ठाऊक होते. आज आपण त्यामानाने निर्धास्तपणे यात्रेला जातो. कारण कोणीतरी पाणी तपासतो, कोणीतरी लस करतो, कोणीतरी साथीवर डोळा ठेवून बसतो. हा 'कोणीतरी' येतो कोठून, हा आजचा प्रश्न आहे.

लोकांची समजूत अशी की, हुशार मुलाने चारपाच वर्षे प्रयोगशाळेत घालवली, प्रबंध लिहिला, पीएच.डी. पदरात पडली, की झाला संशोधक. माझ्या मते प्रबंधाने अर्धेच काम होते. उरलेले अर्धे पुढच्या दहा वर्षांत व्हावयाचे असते, आणि ते एकट्या विद्यार्थ्याच्या हातचे नसते. दोन उदाहरणे सांगतो.

पुण्याच्या कमल समर्थ, पुढे डॉ. कमल रणदिवे, यांनी मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच.डी. मिळवली. गुरूंनी पदवी हाती देऊन निरोप दिला नाही. त्यांच्या प्रोत्साहनाने बाई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची विद्या शिकून आल्या. परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांना जागा होती. तेथे त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ साली पाहिला, पण तो काचपात्रात वाढवणे कोणाला साधले नव्हते. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रोग्याच्या शरीरातून काढलेला एक जंतू वाढवून दाखवला. पुढे तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हे असे दिसून आले. श्रम वाया गेले का? नाही. त्याच जंतूपासून त्या संस्थेत पुढे कुष्ठरोगावरची लस तयार झाली. गुरू आणि शिष्या एकाच शोधाखाली नाव घालतात, चूक उमगली तरी संस्था काम सोडीत नाही, याला मी घडण म्हणतो.

दुसरे उदाहरण मद्रासचे. तेथल्या गायतोंडे या मराठी घराण्यातल्या सुनीती, लग्नानंतरच्या डॉ. सुनीती सॉलोमन, वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. १९८५च्या अखेरीस त्यांनी डॉ. निर्मला या एम.डी.च्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय सुचवला: एड्स आपल्याकडे आला आहे काय? हा रोग परदेशचा, आपल्याकडे कसला येतो, असेच तेव्हा बहुतेकांना वाटे. निर्मलाबाई बुजल्या, पण यजमानांनी धीर दिला. वेश्याव्यवसायात सापडलेल्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने त्यांनी स्वतः हिंडून गोळा केले. ते ठेवावयास सोय नव्हती, म्हणून घरच्या शीतपेटीत ठेवले! तपासणीचे यंत्र वेल्लोरला. तेव्हा नमुने घेऊन नवराबायको रात्रीच्या गाडीने निघाली. ऐंशीहून अधिक नमुन्यांपैकी सहा सदोष निघाले. बाईंनी लगेच डंका पिटला नाही. त्या स्त्रियांचे रक्त पुन्हा घेतले, परदेशातून खात्री करून घेतली, आणि मगच १९८६ साली ही वार्ता देशाला कळली.

सॉलोमनबाईंनी पुढे सारे आयुष्य या रोग्यांना वाहिले. २०१५ साली त्या वारल्या. निर्मलाबाईंनी प्रबंध सादर केला, पदवी घेतली आणि त्या लसनिर्मितीच्या सरकारी कामात गेल्या. ते कामही मोलाचे, यात वाद नाही. पण ज्या प्रश्नाचा पहिला धागा या विद्यार्थिनीने हाती दिला, त्याच प्रश्नावर पुढे झटण्यासाठी आपण तिला काय दिले? कितीतरी वर्षे तिचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते.

येथे आपला संबंध येतो. पुण्याची विषाणू संस्था १९५२ साली निघाली. १९५७ साली क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, तेव्हा तिथल्या माणसांनी गोचिडींतून पसरणारा एक नवा विषाणू शोधून काढला. २०२० साली करोना आला आणि सगळा देश त्याच संस्थेकडे पाहू लागला. ती माणसे काही त्या मार्च महिन्यात तयार झाली नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आपल्या नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथे किंवा अन्यत्र आपल्या गावचा मुलगा, मुलगी संशोधनाला बसली, तर अठ्ठाविसाव्या वर्षी "अजून शिकतोच आहेस का?" असे विचारू नका. चार वर्षांत काहीच सापडले नाही असे तिने सांगितले, तर तेही उत्तर आहे हे समजून घ्या. मार्गदर्शकाने तिला प्रामाणिकपणे नकार लिहावयास शिकवावे. आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, पदवीनंतर कायमची जागा मिळावी, यासाठी आपल्या प्रतिनिधींकडे रस्त्यांइतकाच आग्रह धरा.

याच गावी निवृत्तिनाथांची समाधी आहे. ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी त्यांना जे दिले, ते त्यांनी धाकट्या भावाला दिले, अशी परंपरा सांगते. मिळालेली विद्या पुढच्या हाती गेली नसती, तर ती गुहेतच राहिली असती. प्रयोगशाळेतल्या विद्येलाही हाच नियम आहे.