रोबो केर काढेना, तेव्हा

घरातलं एखादं यंत्र रुसलं की आपल्याला पहिला संशय येतो तो त्याच्या मोटरचा. माझ्या आईकडे असंच झालं. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला वाकायची मनाई आहे, म्हणून आम्ही तिला जमिनीवर आपला आपण फिरून केर ओढणारा रोबो घेऊन दिला. वर्षभर तो बिनबोभाट फिरला. दिवाळीनंतर मात्र तो फिरायचा सगळीकडे, पण केर जागच्या जागी. मी गेलो तेव्हा आई केरसुणी घेऊन वाकलेली. ''त्याला आता होत नाही रे,'' म्हणाली. जणू तोही तिच्याच वयाचा!

दुरुस्तीवाल्यानं यंत्र न बघता फोनवरच निदान केलं, मोटर बदला. खर्च यंत्राच्या निम्म्या किमतीएवढा. म्हटलं, आधी उघडून तर पाहू.

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून हवा ओढली आणि रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्यातून त्याचं व्हॅक्यूम क्लीनर जन्माला आलं. सुरुवातीची यंत्रं इतकी अवाढव्य की ती घोडागाडीवरून यायची, रस्त्यात उभी राहायची आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. आज तेच यंत्र पलंगाखाली शिरतं, पण तत्त्व रुमालाचंच. यंत्र ओढतं ती हवा, धूळ तिच्यामागून येते. रुमाल चोंदला की हवा थांबली, आणि मोटर कितीही चांगली असली तरी ओढ गेली.

आईच्या रोबोतला 'रुमाल' म्हणजे घड्यांचा फिल्टर. दिवाळीतली रांगोळी त्यानं गिळली होती. रांगोळीची पूड, कणीक असली बारीक भुकटी घड्यांमध्ये गच्च बसते. त्यात पुतणीनं तो कौतुकानं धुतला आणि ओलाच परत बसवला. झाला लेप! माहितीपुस्तिकेत धुवायची परवानगी होती म्हणून मी तो पुन्हा धुतला, पण मग चांगला दिवसभर वाळवला. परवानगी नसेल तर नुसता झटकावा आणि मऊ ब्रशनं पुसावा.

बंद करून यंत्र उलटं केलं. फिरत्या ब्रशला आईचे केस आणि गजऱ्याचा दोरा गुंडाळलेला. तो कात्रीनं कापून काढला. ब्रशमागून धुळीच्या डब्याकडे जाणाऱ्या तोंडात फटाक्याच्या कागदाचा बोळा अडकला होता. डब्याच्या कडेचं रबरही पुसून घेतलं. तिथे फट राहिली तर हवा तिथूनच शिरते आणि जमिनीवरची ओढ कमी होते.

घाई झाली तरी फिल्टरशिवाय यंत्र चालवू नका, धूळ सरळ पंख्यात जाते. दुसऱ्या दिवशी फिल्टर बसवून चिमूटभर पोहे जमिनीवर टाकले. एकही उरला नाही. उरले असते, तर मोटरचा विचार करावा लागला असता.

आता दर रविवारी आई खुर्चीत बसून, वर्तमानपत्र पसरून तो फिल्टर झटकते. दारातली रांगोळी मात्र ती रोबोला देत नाही. ती मी कुंच्यानं भरतो, सणाला गेलो की.